जळजळ नाही, ताप नाही, तरी लघवीचं कल्चर कशाला?

पारोळ्याकडची आमची एक वहिनी, चौथा महिना. डॉक्टरांनी लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी, लिहून दिलं तर घरात लगेच सुरू, "काहीच तरास नही शे, मंग तपासनी कसाले?" चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही मी हेच ऐकते, की लघवीला आग होत नाही म्हणजे इन्फेक्शन नाही. बाकीच्या बहुतेक लोकांचं त्यावर निभतं, पण गरोदर बाईचं निभत नाही.

दर 100 गरोदर बायकांत साधारण 2 ते 10 जणींच्या लघवीत भरपूर जंतू असतात आणि त्यांना काहीच जाणवत नाही. भरपूर म्हणजे 1 मिलिलिटरमध्ये 1 लाख किंवा त्याहून जास्त, ही रेघ बोस्टनच्या डॉ. एडवर्ड कॅस यांनी 1950 च्या दशकात आखली आणि अजून तीच धरतात. जंतू बहुतेक वेळा ई. कोलाय, आपल्याच आतड्यात राहणारा. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा, त्यामुळे त्याला आत शिरायला फार लांब जावं लागत नाही. म्हणून कुणा बाईला "स्वच्छता ठेवत नाही" असं ऐकवू नका प्लीज.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. दिवसातून इतक्या वेळा धार जोरात बाहेर पडते, मग हे जंतू वाहून का जात नाहीत? ई. कोलायच्या अंगावर बारीक तंतू असतात, त्यांना फिम्ब्री म्हणतात, आणि तंतूच्या टोकाला फिमएच नावाचं प्रोटीन. मूत्राशयाच्या अस्तरावर मॅनोज नावाची साखर असते, फिमएच ती पकडतं. धार नसताना ही पकड ढिली असते, जंतू सुटतो, थोडा सरकतो, परत धरतो. पण धार सुरू झाली आणि जंतू ओढला जायला लागला की पकड उलट घट्ट होते, गोठ्यातल्या दोराचा सरकफास जनावरानं हिसका दिला की आवळतो ना, तसंच. फिमएचचे दोन भाग असतात, एक तंतूला जोडलेला आणि एक साखर धरणारा. ओढ नसते तेव्हा दोन्ही एकमेकांना टेकून असतात आणि त्या टेकण्यामुळेच साखर धरायचा खिसा सैल राहतो, ओढ बसली की दोघं विलग होतात, दुसऱ्या भागाचा आकार बदलतो आणि खिसा साखरेभोवती मिटतो. साधे बंध ओढले की लवकर तुटतात, हा एका मर्यादेपर्यंत ओढाल तितका जास्त टिकतो, याला कॅच बाँड म्हणतात. जंतूची ही करामत 2002 मध्ये सिअ‍ॅटलच्या युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमधल्या संशोधकांनी दाखवून दिली. त्यात तंतूची दांडी वेटोळ्यांची, जोर बसला की वेटोळी उलगडतात आणि झटका टोकापर्यंत पूर्ण पोचतच नाही!

मग त्रास का होत नाही? आग होते ती मुख्यतः शरीर जंतूंवर तुटून पडतं त्या सुजेमुळे. ई. कोलायच्या काही जातींनी पकड घेणारे तंतू बनवणंच सोडलेलं असतं, त्या मूत्राशयात उरलेल्या लघवीत भराभर वाढून टिकतात आणि अस्तराला चाहूलही लागत नाही. स्वीडनमधल्या एका शाळकरी मुलीच्या मूत्राशयात अशी एक जात 3 वर्षं होती, त्रास शून्य. म्हणूनच गरोदर नसलेल्या निरोगी बाईत असे जंतू सापडले तरी औषध देत नाहीत.

गरोदरपणात मात्र गणित बदलतं. किडनीकडून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळ्या स्वतः आकुंचन पावून लघवी खाली ढकलत असतात, प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन त्यांचे स्नायू सैल करतं आणि वाढलेलं गर्भाशय त्यांना दाबतं, उजवीकडे जास्त. लघवी तुंबते, त्यात थोडी साखरही उतरते, जंतूंना वर चढायला रस्ता मोकळा. जुन्या अभ्यासांत औषध न दिलेल्यांपैकी 20 ते 40 टक्के जणींना किडनीचं इन्फेक्शन झालेलं दिसलं. 2015 च्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात, कमी जोखमीच्या बायकांत, हा आकडा 2.4 टक्केच होता, पण जंतू नसलेल्यांत 0.6. म्हणजे चौपट.

किडनीपर्यंत पोचलं की हुडहुडी भरून ताप, बरगडीखाली दुखणं, उलट्या, आणि कळा लवकर सुरू व्हायची भीती. अशा वेळी नजर लागली म्हणून उतारा टाकत बसणं किंवा उष्णता झाली म्हणून दोन दिवस धने-जिऱ्याचं पाणी पाजत राहणं, यात बाई आणि बाळ दोघांचा वेळ जातो. ताप आला की थेट दवाखाना. क्रॅनबेरी ज्यूसच्या महागड्या बाटल्यांनीही झालेलं इन्फेक्शन बरं होत नाही.

दवाखान्यात पट्टी बुडवून प्रोटीन आणि शुगर बघतात ते कल्चर नाही, हे लक्षात घ्या. कल्चर पहिल्याच भेटीत किंवा 12 ते 16 आठवड्यांत सांगतात. पहिली धार सोडून मधली धरायची, लॅबनं दिलेल्या निर्जंतुक डबीत. आणि आपल्या खान्देशात एक भानगड आहे, ऊन. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा 45 ला टेकतो आणि लोक डबी गाडीच्या डिक्कीत टाकून बाजार उरकत लॅबला जातात. ई. कोलाय 44 अंशालाही मजेत वाढतो. अर्ध्या तासाला दुप्पट धरा, 3 तासांत 64 पट, म्हणजे 2 हजारांचे 1 लाख 28 हजार, आणि जिला काही नाही तिच्या रिपोर्टवर इन्फेक्शन. 2 तासांत पोचवा, नाही जमत तर फ्रिजमध्ये ठेवा.

जंतू निघाले तर गरोदरपणात चालणारी अँटिबायोटिक्स आहेत, साधारण आठवडाभराचा कोर्स, कुठली ते डॉक्टर कल्चर बघून ठरवतील, मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका. कोर्स संपल्यावर बहुतेक डॉक्टर परत कल्चर करायला सांगतात. आणि रिपोर्टमध्ये ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस लिहिलेलं असेल तर आत्ता औषध घेतलं तरी बाळंतपणात कळा सुरू झाल्यावर पुन्हा अँटिबायोटिक द्यावं लागतं, नाहीतर तो जंतू बाळाला लागू शकतो. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे तपासणी एका गावात आणि डिलिव्हरी दुसऱ्या, तिथल्या डॉक्टरांना हे माहीत असायचं कारण नाही, म्हणून तो कागद फाईलमध्ये सगळ्यात वर लावून माहेरी न्या.