बन्नीतल्या वांढी जागेवर कशा बसल्या

भुजच्या उत्तरेला, कच्छच्या रणाला लागून बन्नी आहे, साधारण अडीच हजार चौरस किमी सपाट गवताळ माळ. इथल्या गुरं पाळणाऱ्यांना मालधारी म्हणतात (माल म्हणजे जनावरं) आणि त्यांच्या वस्तीला वांढ. घरं गोल, त्याला भूंगा म्हणतात, आपल्या भुंग्याशी काही संबंध नाही.

पूर्वी वांढ कुठे पडणार ते पाणी ठरवायचं. तळं आटलं की त्याच्या तळाशी विरडे खणायचे, म्हणजे उथळ विहिरी, आत लाकडाची चौकट आणि गवताचा थर. खालचं पाणी खारट, पण पावसाचं गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, तेवढंच अलगद काढायचं. विरडा खारट झाला की चला पुढे! संस्थानच्या काळात इथे शेती करू देत नसत, चराईचा कर घ्यायचे, म्हणून माळ मोकळा राहिला.

मग 1947 ला फाळणी झाली आणि सिंधकडची वाट बंद. कांकरेज जातीचे बैल तिकडे विकले जायचे, ते गिऱ्हाईकच गेलं. 1961 पासून वनखात्याने रण पुढे सरकू नये म्हणून वेडी बाभूळ लावली, आता रण थांबलं की नाही यावर वाद घाला, पण बाभूळ काही थांबली नाही. तिच्या शेंगा खाऊन गाई आजारी पडतात, म्हशी त्यामानाने तग धरतात, त्यात वर नद्यांवर धरणं झाली, गोडं पाणी कमी झालं, गवत घटलं आणि हळूहळू बन्नी म्हशींची झाली. या म्हशी रात्री गुराख्याशिवाय चरतात आणि पहाटे धारेला आपापल्या घरी येतात. 2010 मध्ये बन्नी म्हैस ही स्वतंत्र जात म्हणून मान्यही झाली.

वांढ जागेवर बसली ती मात्र दुधामुळे, असं माझं मत. बैल विकायचा तर वर्षातून एकदा न्या, दूध रोज जातं, त्याला रस्ता लागतो, मग घरं रस्त्याकडे सरकणारच. 2001 च्या भूकंपात गोल भूंगे बऱ्यापैकी टिकले, तरी नंतर सिमेंटची चौकोनी घरं वाढली. धोरडो गावाकडे रणोत्सवाचे (पर्यटकांसाठीच्या जत्रेचे) तंबू आले, तिथे भूंगा आता टुरिस्टला भाड्याने देतात.

गंमत म्हणजे 1955 मध्येच बन्नी संरक्षित वन जाहीर झालेली, जमिनीची मोजणी मात्र कित्येक दशकं रखडली, त्यामुळे वांढ फिरती होती तेव्हा कुणी सातबारा विचारला नाही आणि पक्कं घर बांधलं तर खालची जमीन नावावर नाही.