बत्तीस नाणी आणि एक सेनापती

परवा रात्री जेवणं झाल्यावर सुट्ट्या पैशांचा डबा उपडा केला, रुपयाची बत्तीस नाणी वेगळी काढली आणि चटईवर उडवली. नियम एकच: छापा पडला तो जिंकला, काटा पडला तो गारद. पहिल्या फेरीनंतर सतरा उरली, मग नऊ, मग चार, मग दोन आणि शेवटी एक. पाचही लढाया जिंकलेलं ते नाणं मी उचलून दिव्याखाली धरलं. कडेला जरा घासलेलं होतं, बाकी इतर एकतीस नाण्यांसारखंच. सहाव्यांदा उडवलं. काटा.

हा उद्योग सुचला तो चहाच्या टपरीवरच्या वादातून. जगातला सगळ्यात थोर सेनापती कोण, हा विषय आमच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी निघतो. एकाचा सिकंदर, दुसऱ्याचा नेपोलियन, एकजण नुकतंच काहीतरी वाचून आल्यामुळे खालिद इब्न अल-वलीदचं नाव घेतो, आणि मग कुणीतरी ग्लास खाली ठेवत म्हणतो, “बाजीराव. एकही लढाई हरला नाही. विषय संपला.” तिथे तो खरंच संपतो, कारण पैसे द्यायची वेळ झालेली असते.

नाण्यांची कल्पना माझी नाही. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांच्याबद्दल एक किस्सा सांगितला जातो. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या प्रकल्पावर असताना त्यांनी प्रकल्पाचे लष्करी प्रमुख जनरल ग्रोव्ह्ज यांना विचारलं, “थोर म्हणावेत असे सेनापती किती असतात?” ग्रोव्ह्ज म्हणाले, शंभरात तीन. “थोर कुणाला म्हणायचं?” ओळीने पाच मोठ्या लढाया जिंकेल त्याला. फर्मींनी तिथल्या तिथे हिशेब केला. दोन्ही बाजू साधारण तोडीस तोड असतील, तर एक लढाई जिंकण्याची शक्यता निम्मी. दोन ओळीने जिंकण्याची पाव, मग अष्टमांश, सोळांश, आणि पाच जिंकण्याची बत्तिसांश. म्हणजे शंभरात तीन! ग्रोव्ह्ज ज्याला थोरपण म्हणत होते, तेवढं तर निव्वळ छापा-काट्यातूनही निघतं.

गारद झालेल्या एकतीस नाण्यांकडे मी पुन्हा पाहिलंसुद्धा नाही, त्यांची रवानगी थेट डब्यात. इतिहासही बहुतेकदा असाच लिहिला जातो. उरलेल्याचं चरित्र लिहायला घेतलं की लहानपणापासूनच त्याच्यात तेज होतं, हे आपोआप सापडायला लागतं.

पण फर्मींचा हिशेब बाजीरावाला लावून पाहा, म्हणजे गंमत कळेल. लोकांच्या तोंडी आकडा आहे एक्केचाळीस लढायांचा. प्रत्येक लढाई छापा-काटा धरली तर ओळीने ४१ जिंकण्याची शक्यता किती? सुमारे २ लाख २० हजार कोटींत एक. एवढी माणसंच आजवर जन्माला आलेली नाहीत, सेनापती कुठून आणायचे? एक्केचाळिसाच्या आकड्यावर कुणी हरकत घेतली, चकमकी वगळा म्हणालं, तर वीसच धरा. तरीही दहा लाखांत एक. इथे नशिबाचं स्पष्टीकरण पार कोलमडतं.

मात्र नाणं एका बाजूला जड असेल तर? दर लढाई जिंकण्याची शक्यता ९० टक्के असेल, तर ४१ विजयांची साखळी साधारण पंचाहत्तरांत एकाला जमेल. ९५ टक्के असेल तर आठात एकाला. अशक्य वाटणारी गोष्ट एकदम माणसाच्या आवाक्यात येते. मग टपरीवरचा प्रश्नही बदलतो: नाणं हवेत जाण्याआधीच ते जड करून ठेवलं कसं? माझ्या मते सेनापतीची परीक्षा इथेच होते, आणि नेमकी हीच गोष्ट जिंकल्या-हरल्याच्या तक्त्यात दिसत नाही.

असा तक्ता करून पाहिलेला आहे. २०१७ साली एका अमेरिकन विश्लेषकाने विकिपीडियावरून साडेतीन हजारांहून अधिक लढाया आणि साडेसहा हजारांहून अधिक सेनापती गोळा केले आणि त्यांना बेसबॉलमधली मोजणीची रीत लावली. आपल्या भाषेत सांगायचं तर, या फलंदाजाच्या जागी रणजी करंडकातला कुणी बरा खेळाडू उभा केला असता तर किती धावा झाल्या असत्या? त्याहून जास्त जेवढ्या झाल्या, तेवढंच याचं खरं श्रेय. सैन्य दुप्पट असताना जिंकलात तर थोडेच गुण, निम्मं असताना जिंकलात तर घसघशीत. नेपोलियन ४३ लढायांत जवळपास १७ गुण मिळवून पहिला आला. दुसऱ्या क्रमांकावरचा सीझर त्याच्या निम्म्यावरही नाही. सिकंदराच्या नावावर तिथे नऊच लढाया. आणि पोस्टरवर झळकणारा दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सेनापती रोमेल चक्क उण्यात!

आता हा गुण म्हणजे बेरीज आहे, सरासरी नाही. सचिनच्या २०० कसोट्यांत १५,९२१ धावा, ब्रॅडमनच्या ५२ कसोट्यांत सरासरी ९९.९४. या दोघांत मोठा कोण, हे ठरवताना मराठी घरांत ताटं थंड झालेली आहेत. नेपोलियन-सिकंदराचं भांडण अगदी त्याच जातीचं. आधी माप ठरवलं की विजेता आपसूक ठरतो, आणि बहुतेक लोक विजेता मनात धरूनच माप निवडतात. मीसुद्धा.

पण या तक्त्याला याहून मोठं भोक आहे, आणि ते नेपोलियनच्याच अंगाखाली आहे. १८१२ साली तो रशियात शिरला. ७ सप्टेंबरला बोरोदिनोची लढाई झाली, रशियन मागे हटले, आठवड्याभरात मॉस्को हातात आलं. वहीत लिहायचं तर विजय. आता शार्ल मिनार या निवृत्त फ्रेंच अभियंत्याने १८६९ साली काढलेला आलेख पाहा. नकाशावर एक जाड पट्टा, त्याची जाडी म्हणजे जिवंत सैनिक. रशियाच्या सीमेवरची नेमान नदी ओलांडताना ४ लाख २२ हजार. मॉस्कोत पोहोचताना १ लाख. परत नदीवर १० हजार. बर्फाने सैन्य खाल्लं असं आपण शाळेत शिकतो, पण पट्टा सगळ्यात जास्त बारीक होतो तो जाताना, उन्हाळ्यात. भूक, जुलाब, पळून जाणं आणि उवा. २००१ साली लिथुआनियातल्या व्हिल्निअसमध्ये बांधकामाच्या वेळी या सैनिकांची सामूहिक कबर सापडली. पुढे त्यांच्या दातांच्या आतल्या गरातून डीएनए काढला, तेव्हा उवांमधून पसरणाऱ्या रोगांचे जंतू मिळाले. या उवांशी झालेल्या लढाईची नोंद कुठल्याच तक्त्यात नाही.

म्हणून पोटाचं गणित आधी करायला हवं. माणसाला दिवसाला दीडेक किलो धान्य, घोड्याला साधारण साडेचार किलो दाणा आणि वर तेवढाच चारा. २५ हजार घोडी धरा. नुसता दाणाच रोज सव्वाअकराशे क्विंटल होतो. एका बैलगाडीत पाच-सहा क्विंटल मावतात म्हटलं तर रोजच्या दोनशे गाड्या झाल्या. दहा दिवसांची बेगमी म्हणजे दोन हजार गाड्या, त्यांचे चार हजार बैल, त्या बैलांना वैरण, गाडीवानांना भाकरी, आणि ती वैरण-भाकरी वाहायला आणखी गाड्या. बैलाची चाल दिवसाला पंधराएक किलोमीटर. तोफा ओढणारेही बैलच. म्हणजे घोडा कितीही तेज असला तरी सैन्य चालतं बैलाच्या पायांनी.

बाजीरावाचं एक चित्र सगळ्यांना माहीत आहे: घोड्यावर बसलेला, लगाम सैल सोडलेला, भाला खांद्यावर, आणि दोन्ही तळहातांत ज्वारीचं कणीस चोळून दाणे तोंडात टाकणारा. आपण ते साधेपणाचं चित्र म्हणून पाहतो. मला त्यात वरचं गणित दिसतं. कणीस शेतातलं, घोड्याचा चारा वाटेवरचा, मागे गाडी नाही. या माणसाने बैलच काढून टाकला, आणि त्याचं सैन्य एकदम तिप्पट वेगाने धावायला लागलं. कणसं ज्याच्या शेतातली, त्या शेतकऱ्याचं काय झालं हे चित्रात येत नाही, तेवढं ध्यानात असू द्यावं.

हा वेग पालखेडला वटला. १७२७ अखेरीपासून निजाम-उल-मुल्क पुण्याच्या रोखाने आला. बाजीराव त्याच्याशी भिडलाच नाही. तो जालन्याकडे गेला, वऱ्हाडात गेला, खानदेशातून गुजरातेत उतरला आणि तिथून औरंगाबादच्या रोखाने वळला. निजामाला पुणं सोडून मागे धावणं भाग पडलं. तोफा मागे रेंगाळल्या, आणि फेब्रुवारी १७२८ अखेर वैजापूरजवळ पालखेडला, पाण्याचा ठणठणाट असलेल्या मुलखात, त्याला घेरलं. रसद बंद, पाणी बंद. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. बाजीराव तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. यात मोठी लढाई अशी झालीच नाही. तक्त्यात हिला ‘विजय १’ लिहायचं की काहीच नाही? पुढे इंग्लंडच्या फील्ड मार्शल माँटगोमेरींनी याच मोहिमेची वाखाणणी केली, ती उगाच नाही.

तेहतीस वर्षांनी गणित उलटं फिरलं. पानिपतावर सदाशिवरावभाऊंबरोबर इब्राहिमखान गारद्याच्या उत्तम तोफा होत्या, आणि बाजारबुणगे, यात्रेकरू, बायका-मुलं अशी न लढणारी तोंडं लढणाऱ्यांहून जास्त. अब्दालीने दिल्लीकडची वाट अडवली आणि अडीच महिने वाट पाहिली. १४ जानेवारी १७६१ ला नाणं हवेत गेलं, तेव्हा ते दुसऱ्या बाजूला जड झालेलं होतं. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, यावर आपण अजून रात्री जागवतो. ती गोळी म्हणजे छापा-काटा. उपास म्हणजे नाण्याचं वजन.

नाणं जड करायची दुसरी युक्ती समुद्रावरची आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज मोटार-अभियंत्याने एक साधा नियम मांडला. दुरून नेम धरून मारा होतो, तिथे सैन्याची ताकद संख्येच्या वर्गाप्रमाणे वाढते. कारण दुहेरी आहे: तुम्ही दुप्पट असाल तर तुमच्या गोळ्या दुप्पट, शिवाय शत्रूच्या गोळ्या दुप्पट माणसांत वाटल्या जातात. तलवारीच्या हातघाईला हा नियम लागू नाही, तिथे एकाला एकच भिडतो. इंग्रज नौसेनापती नेल्सनने ट्राफल्गारच्या लढाईत फ्रेंच-स्पॅनिश आरमाराविरुद्ध आखलेल्या बेताला लँचेस्टरने तो लावला. लढाईच्या बारा दिवस आधीच्या टिपणात नेल्सनने आपली ४० जहाजं आणि शत्रूची ४६ गृहीत धरली होती. समोरासमोर भिडले असते तर? ४६ चा वर्ग २११६, ४० चा १६००. इंग्रज संपले असते आणि शत्रूची बावीस-तेवीस जहाजं शिल्लक राहिली असती. नेल्सनने शत्रूची रांग मधोमध तोडायची ठरवली: एका निम्म्यावर आपली ३२, उरलेल्या निम्म्याला थोपवायला फक्त ८. आता ३२ आणि ८ यांच्या वर्गांची बेरीज १०८८, आणि २३ व २३ यांच्या वर्गांची १०५८. एकही जहाज न वाढवता पारडं फिरलं! प्रत्यक्षात २१ ऑक्टोबर १८०५ ला २७ विरुद्ध ३३ असा सामना झाला, इंग्रजांचं एकही जहाज गेलं नाही, नेल्सन मात्र गेला. एवढं सगळं मांडून त्याच टिपणात त्याने लिहून ठेवलं होतं की काही भाग नशिबावर सोडावाच लागतो.

या तक्त्यांतला एक विजय आपल्या जालना जिल्ह्यातला आहे. २३ सप्टेंबर १८०३, भोकरदनजवळचं असई. शिंदे-भोसल्यांची फौज केळना नदीपलीकडे तोफा रोखून उभी. चौतीस वर्षांच्या आर्थर वेलस्ली या इंग्रज सेनापतीला नदी ओलांडायची होती. वाटाड्यांनी सांगितलं, जवळपास उतार नाही, म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी जागा नाही. त्याने दुर्बीण लावली, तर खालच्या अंगाला दोन्ही काठांवर समोरासमोर एकेक गाव दिसलं. मधून जायला-यायला वाट नसती तर माणसं अशी समोरासमोर कशाला राहिली असती? त्याने माणूस पाठवून खात्री करून घेतली. उतार होता.

सैन्य पाण्यात शिरलं आणि शिंद्यांच्या तोफा सुरू झाल्या. पहिल्याच गोळ्यांपैकी एकाने वेलस्लीच्या शेजारच्या स्वाराचं मुंडकं उडवलं. धड घोड्यावर तसंच बसून राहिलं आणि बिथरलेला घोडा इकडून तिकडे उधळत राहिला. संध्याकाळपर्यंत इंग्रजांच्या बाजूचे दीड हजारांवर मेले किंवा जखमी झाले, लढलेल्यांतला जवळपास तिसरा हिस्सा. पुढे हाच माणूस ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं. म्हातारपणी कुणीतरी त्याला विचारलं, लढाईत तुम्ही केलेली सगळ्यात चांगली कामगिरी कोणती? तो एकच शब्द बोलला: असई.