थकव्याचा राग विषयावर

अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट इथल्या लष्करी अकादमीत सुरुवातीच्या वर्षांत बरेचसे विषय सगळ्यांना सक्तीचे असतात. कुठल्या विषयाचा तास सकाळी आणि कुठल्याचा दुपारी, हे विद्यार्थ्यांच्या हातात नसतं. वेळापत्रक जवळपास चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. अभ्यासक्रम सगळ्यांना तोच आणि परीक्षाही तीच. करीम हग्गाग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अकादमीच्या नोंदी तपासल्या आणि २०२१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एखादा विषय ज्यांच्या वाट्याला भल्या सकाळच्या तासाला आला, त्यांनी तोच विषय पुढे मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, म्हणून घेण्याचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी कमी होतं. आधीचा तास संपल्या संपल्या, दमलेल्या अवस्थेत जो विषय शिकावा लागला, त्याचीही हीच गत. डोळे मिटत होते ते लवकर उठावं लागल्यामुळे, पण खापर फुटलं विषयाच्या डोक्यावर.

आपल्याला काहीतरी जाणवतं ते खरंच असतं. ते कशामुळे जाणवतंय हे ओळखताना मात्र गफलत होते. फायनल परीक्षेचे दिवस म्हणजे अशा गफलतींचा हंगामच. ‘हे मला येतंय’, ‘मला काहीच आठवणार नाही’, ‘हा विषय माझ्यासाठी नाहीच’ असे निकाल मन दिवसातून दहादा देत असतं. मेजर ठरवायची मुदत याच सुमाराला आली, तर त्यातला एखादा निकाल पुढची तीन-चार वर्षं सोबत राहतो.

‘येतंय’ या भावनेपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त फसवते ती हीच. धडा दुसऱ्यांदा वाचताना तो सोपा वाटतो, तिसऱ्यांदा तर पुढचं वाक्य आधीच मनात येतं. ही ओळख असते, पण आपण तिला आकलन समजतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटाने उतारा चार वाचनसत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. खरी मेख पुढेच आहे. आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल, असं आधीच विचारलं होतं, तेव्हा जास्त खात्री नुसतं वाचणाऱ्यांनाच होती.

हे घरी करून बघायला काहीच लागत नाही. समजा, पेशीविभाजनाचा धडा आहे. आकृती चारदा पाहिली, सगळं स्वच्छ दिसतंय. आता पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर टप्पे काढा. गुणसूत्रं दाट होतात, केंद्रकाचं आवरण विरतं, गुणसूत्रं मधोमध रांगेत उभी राहतात. इथवर हात झरझर चालतो आणि मग अडतो. पुढे नक्की काय विलग होतं? अख्खी गुणसूत्रं दोन्हीकडे वाटली जातात, की प्रत्येकाचे दोन अर्धे भाग फाकतात? आकृतीत हे समोर होतं म्हणून प्रश्नच पडला नव्हता. हात जिथे अडला तेवढाच तुमचा आजचा अभ्यास. बाकीचा धडा पुन्हा वाचणं म्हणजे वेळ घालवणं. अशी अडखळ दिवसभर सोसली की संध्याकाळी आपण किती कच्चे आहोत असं वाटतं, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी अभ्यास सर्वांत चांगला झालेला असतो.

गणिताचंही तेच. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये विद्यार्थ्यांना काही अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. काहींनी एका प्रकारची सगळी उदाहरणं संपवून मग दुसरा प्रकार घेतला, काहींनी सगळे प्रकार मिसळून सोडवले. सराव चालू असताना एकेक प्रकार हातावेगळा करणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरं बरोबर आली आणि मिसळून सोडवणाऱ्यांची ६०. आठवड्यानंतरच्या परीक्षेत पहिल्यांचे २० टक्के उरले, दुसऱ्यांचे ६३. कारण साधं आहे. प्रश्नसंचावर प्रकरणाचं नाव असलं की कुठलं सूत्र वापरायचं हे आधीच कळलेलं असतं, आणि परीक्षेत मुळात तेच ओळखावं लागतं. त्यामुळे परीक्षेआधीच्या आठवड्यात प्रकरणांची नावं झाकून, उदाहरणं पिसून सोडवणं जास्त शहाणपणाचं. पहिले दोन दिवस चिडचिड होईल, ती होऊ द्यावी.

उजळणीतलं अंतर हा तिसरा मुद्दा, पण तो थोडक्यात आटोपता येतो. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी १,३५० हून अधिक लोकांवर केलेल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असं दिसलं, की परीक्षा सात दिवसांनी असेल तर दोन अभ्यासांत साधारण एका दिवसाचं अंतर बरं आणि ३५ दिवसांनी असेल तर ११ दिवसांचं. परीक्षा जितकी लांब, तितकं अंतर जास्त. आदल्या रात्रीच्या जागरणाला या हिशेबात जागाच नाही.

जागरणाबद्दल मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथेही मन खोटी साक्ष देतं. हान्स व्हॅन डॉन्गेन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी माणसांना सलग १४ दिवस मोजकीच झोप घेऊ दिली. रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपलेल्यांचं लक्ष आणि कार्यकारी स्मृती (हातातल्या कामापुरतं लक्षात ठेवण्याची क्षमता) हळूहळू इतकी ढासळली, की काहींची अवस्था दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली. ‘झोप येतेय का?’ या प्रश्नावरची त्यांची उत्तरं मात्र पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बिघडली नाहीत. शरीर घसरत होतं आणि माणूस म्हणत होता, झालीय सवय. ‘मला पाच तास पुरतात’ असं परीक्षेच्या काळात छातीठोकपणे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, तो यामुळेच.

दुसरा अभ्यास एमआयटीतला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला. प्राथमिक रसायनशास्त्राच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांच्या मनगटावर सत्रभर झोप मोजणारं यंत्र बांधलं होतं. परीक्षेच्या फक्त आदल्या रात्रीच्या झोपेचा आणि गुणांचा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो आधीच्या आठवड्याभराच्या आणि महिन्याभराच्या झोपेशी, आणि ती किती नियमित होती याच्याशी. यावरून शेवटच्या रात्री जागायला हरकत नाही असा अर्थ काढू नये. शेवटच्या एका रात्रीच्या गाढ झोपेने महिन्याभराची थकबाकी फिटत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि रात्री नऊला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन बहुतेकांच्या रक्तात मध्यरात्रीनंतरही फिरत असतं, हेही विसरू नये.

आता धडधड. पेपर हातात पडण्याआधी छाती धडधडते, तळवे ओले होतात, पोटात गोळा येतो. मन त्याचा अर्थ लावतं, ‘गेलं सगळं.’ शर्यतीच्या सुरुवातीलाही शरीर जवळपास हेच करतं, पण तिथे कुणी त्याला अपशकुन समजत नाही. जेरेमी जेमिसन आणि सहकाऱ्यांनी परीक्षार्थींच्या एका गटाला सरावाआधी एवढंच सांगितलं, की अशा धडधडीने कामगिरी बिघडत नाही, उलट मदतच होऊ शकते. त्या गटाला गणिताच्या भागात जास्त गुण मिळाले, सरावातही आणि पुढे खऱ्या जीआरई या पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेतही. हा अभ्यास २०१० चा. गट लहान होते, त्यामुळे यातून चमत्काराची अपेक्षा करू नये. पण ‘शांत हो, शांत हो’ असं स्वतःला बजावत बसण्यापेक्षा ‘अंग तयार होतंय’ असं म्हणणं नक्कीच सोपं आहे. दिवसेंदिवस जेवण जात नसेल, झोप लागत नसेल, रडू आवरत नसेल, तर ती परीक्षेची धडधड नव्हे. तिथे मित्रांचे सल्ले पुरत नाहीत, कॉलेजच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जावं.

हे सगळं कळलं की मेजरचा प्रश्न जरा वेगळा दिसायला लागतो. ‘मला कोणता विषय आवडतो?’ या प्रश्नाचं उत्तर डिसेंबरमधल्या किंवा मेमधल्या परीक्षांच्या आठवड्यात मागितलं, तर उत्तर विषयाबद्दल नसतं. ते झोपेबद्दल, शेवटच्या पेपरबद्दल, शिकवणाऱ्याच्या आवाजाबद्दल असतं. म्हणून परीक्षेच्या दिवसांत विषयाबद्दल जे वाटतंय ते एका कागदावर लिहून ठेवावं आणि सुट्टीत, चार रात्री नीट झोप झाल्यावर, पुन्हा वाचावं. तेव्हाही तोच वैताग शिल्लक असेल तर तो मनावर घ्यावा.

गुणांचा अर्थ लावतानाही अशीच चूक होते. एका विषयात अ मिळाला, दुसऱ्यात ब, तेव्हा पहिल्यात आपण हुशार, असा सरळ निष्कर्ष निघतो. पण सगळे विभाग सारख्याच हाताने गुण देत नाहीत. अमेरिकी विद्यापीठांत विज्ञान आणि गणिताच्या प्राथमिक वर्गांत गुण देताना हात आखडता असतो, तर कला आणि भाषांच्या वर्गांत सैल, हे वारंवार दिसून आलंय. ज्या वर्गाची सरासरीच क आहे तिथला ब आणि निम्म्या वर्गाला अ मिळतो तिथला अ, यांत जास्त वजनदार कोणता? शिक्षकाला वर्गाची सरासरी विचारायला लाजू नये. या एका आकड्यावाचून दोन विषयांच्या गुणांची तुलना करणं निरर्थक आहे. पण दुसरी बाजूही ऐकून घ्यावी. टॉड आणि राल्फ स्टाइनब्रिकनर यांनी अमेरिकेतल्या बेरिया कॉलेजच्या विद्यार्थ्यांची मतं वर्षानुवर्षं टिपली. विज्ञान घ्यायचं ठरवून आलेल्यांपैकी बरेच जण ते सोडून गेले, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे आपल्याला विज्ञानात किती गुण मिळतील याचा त्यांचा सुरुवातीचा अंदाजच फार चढा होता. म्हणजे गुण काहीच सांगत नाहीत असंही नाही. नीट वाचले तर बरंच सांगतात.

आवडीबद्दल आणखी एक. आपली खरी आवड कुठेतरी आधीच तयार आहे आणि फक्त सापडायची बाकी आहे, असं मानणारे पुष्कळ असतात. पॉल ओ’कीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१८ मध्ये विद्यार्थ्यांना आधी कृष्णविवरांवरची एक सोपी, देखणी चित्रफीत दाखवली आणि मग त्याच विषयावरचा अवघड लेख वाचायला दिला. चित्रफितीने बहुतेकांना भुरळ घातली. लेख अवघड निघाल्यावर मात्र ‘आवड सापडते’ असं मानणाऱ्यांचा उत्साह जास्त ओसरला, ‘आवड वाढत जाते’ असं मानणाऱ्यांचा कमी. कष्ट पडले म्हणजे हा माझा विषय नव्हे, असा हिशेब पहिल्यांनी केला.

पहिल्या वर्षाचा वर्ग म्हणजे बहुतेक विषयांची ती चित्रफीत असते. मानसशास्त्राला स्वप्नांसाठी आणि व्यक्तिमत्त्वासाठी म्हणून गेलेल्यांना पुढे भरपूर संख्याशास्त्र भेटतं. कॉम्प्युटर सायन्सला प्रोग्रॅमिंगसाठी गेलेल्यांना सिद्धता लिहाव्या लागतात. इतिहासात गोष्टींपेक्षा जुने कागद वाचणं जास्त असतं. मला विचाराल तर अभिरुची चाचण्या भरत बसण्यापेक्षा ग्रंथालयात जाऊन त्या विषयाच्या तिसऱ्या वर्षाचं पुस्तक काढावं आणि एका दुपारी त्यातला एक प्रश्न सोडवायला घ्यावा. तो सुटणार नाहीच, सुटायची अपेक्षाही नाही. तो सुटत नसतानाही आपण तासभर त्याच्याशी झटत राहिलो का, एवढंच पाहायचं.

निवड चुकली तर? अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या आकडेवारीनुसार २०११-१२ मध्ये पदवीला प्रवेश घेऊन मेजर जाहीर केलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांनी तीन वर्षांत तो किमान एकदा बदलला. गणितापासून सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण ५२ टक्के होतं. त्यामुळे बदल म्हणजे काही नामुष्की नव्हे. खर्च मात्र तपासावा. नव्या मेजरमध्ये आधीचे कोणते क्रेडिट धरले जातील, कोणता विषय कोणत्या विषयाच्या आधी घ्यावा लागतो आणि त्यातला कोणता वर्षातून एकदाच शिकवला जातो, हे विभागाकडून लेखी घ्यावं. या साखळीतली एक कडी हुकली की अख्खं वर्ष लांबतं.

उशिरा ठरवण्याचेही फायदे आहेत. अर्थशास्त्रज्ञ ओफर मालामूद यांनी लवकर विषय निवडायला लावणारं इंग्लंड आणि उशिरा निवडू देणारं स्कॉटलंड यांची तुलना केली, तेव्हा पदवीशी संबंध नसलेल्या व्यवसायात जाणाऱ्यांचं प्रमाण इंग्लंडमध्ये जास्त दिसलं. पण ठरवणं कायमचं लांबवत ठेवण्याचीही किंमत आहे. डॅनियल गिल्बर्ट आणि जेन एबर्ट यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हार्वर्डमधल्या विद्यार्थ्यांनी छायाचित्रणाच्या वर्गात आपली दोन आवडती छायाचित्रं छापली आणि त्यांतलं एक द्यायचं, एक ठेवायचं असं ठरवलं. काहींना पुढचे काही दिवस अदलाबदलीची मुभा होती, काहींना नव्हती. ज्यांना मुभा नव्हती त्यांना आपलं छायाचित्र पुढे जास्त आवडू लागलं. मुभा असलेले मनात तुलना करत राहिले. दोन्हींपैकी कोणत्या प्रकारच्या वर्गात बसायला आवडेल, असं इतर विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हा बहुतेकांनी अदलाबदलीची मुभा असलेलाच वर्ग मागितला.