कावळा, फांदी आणि बुधवारची सकाळ

गौरी-गणपतीचं विसर्जन होऊन एकच रात्र उलटली होती. १५ सप्टेंबर २०२१, बुधवार. ठाण्यात नौपाड्यातल्या एका सीएच्या ऑफिसातून सकाळी साडेदहाला फोन आला. "सर, रात्री अपडेट आला आणि प्रिंटर गेला. २० तारखेचं जीएसटी डोक्यावर आहे. अपडेट काढून टाका नाहीतर फॉरमॅट मारा, पण आज चालू करून द्या."

ठाणे आणि नवी मुंबईतल्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर मी बरीच वर्षं सांभाळतो. असे फोन बहुतेक वेळा बुधवारीच येतात, आणि त्याला कारण आहे. ऑक्टोबर २००३ पासून विंडोजच्या सुरक्षा दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसिद्ध होतात. तिकडं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजतात तेव्हा आपल्याकडं रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. म्हणजे आपण निजायच्या वेळी दुरुस्त्या येतात आणि ऑफिस उघडतं तेव्हा कॉम्प्युटर कालचा राहिलेला नसतो.

नौपाड्यात पोचल्यावर मी अपडेटला हात लावला नाही. आधी काय चालतंय ते पाहिलं. ऑफिसात तीन कॉम्प्युटर. प्रिंटर रिसेप्शनजवळच्या कॉम्प्युटरला यूएसबी केबलनं जोडलेला, आणि बाकीचे दोघं त्याच्यामार्फत शेअर करून वापरायचे. रिसेप्शनवरून पान काढलं, निघालं. म्हणजे प्रिंटर, केबल, टोनर, सगळं ठीक. दुसऱ्या कॉम्प्युटरवरूनही निघालं. आतल्या खोलीतल्या तिसऱ्यावर मात्र प्रिंटर जोडला जात नव्हता आणि पडद्यावर एक लांबलचक क्रमांक येत होता, शेवटी ११बी असलेला. मग मी तिन्हींची अपडेट हिस्ट्री उघडली. रात्री अपडेट झाला होता पहिल्या दोघांवर. तिसऱ्यावर विंडोज ७ होतं आणि त्याला कित्येक महिन्यांत काहीही आलेलं नव्हतं.

ज्यांच्यावर अपडेट आला ते चालत होते. ज्याच्यावर आलाच नाही तो अडला होता.

शेअर केलेल्या प्रिंटरवर पान काढताना एक कॉम्प्युटर दुसऱ्याला निरोप पाठवतो, की माझं एवढं काम करून दे. त्या निरोपाला पूर्वी पुरेसं संरक्षण नव्हतं, नेटवर्कवरचा तिसराच कुणी मध्ये घुसून दुसऱ्याच्या ओळखीवर आपलं काम साधून घेऊ शकत होता. जानेवारी २०२१ च्या अपडेटमध्ये त्यावरचा उपाय आला: निरोप सांकेतिक रूपात बंद करून, शिक्का मारूनच पाठवायचा. पण तेव्हा ही सक्ती नव्हती. दारावर कुलूप बसवलं होतं, किल्ली फिरवली नव्हती. १४ सप्टेंबरच्या अपडेटनं ती फिरवली. रिसेप्शनचा कॉम्प्युटर आता शिक्का नसलेला निरोप स्वीकारत नव्हता, आणि विंडोज ७ च्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० लाच थांबल्यामुळं आतल्या खोलीतल्या कॉम्प्युटरला शिक्का मारणं कधी शिकवलंच गेलं नव्हतं.

त्या आठवड्यात याच्यावरचा एक झटपट उपाय सगळीकडं फिरत होता. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीत, एका ठिकाणी शून्य लिहायचं, की सक्ती उठते आणि प्रिंटर धावू लागतो. मी तो केला नाही. लोकांच्या उत्पन्नाचे कागद ज्या ऑफिसात आहेत, तिथलं कुलूप एका पानासाठी काढून ठेवणं मला पटत नाही. प्रिंटरच्या पाठीमागं नेटवर्कची खोबण होतीच. लॅन केबलनं तो थेट राउटरला जोडला, त्याला स्वतःचा पत्ता दिला आणि तिन्ही कॉम्प्युटर त्याच्याशी परस्पर बोलू लागले. मधला दुवाच गेला. रात्री आलेला अपडेट जागच्या जागी राहिला.

अपडेट काढा, हा सल्ला आपल्या तोंडात पटकन येतो, कारण एकापाठोपाठ घडलेल्या दोन गोष्टींत आपण लगेच नातं जोडतो. आपल्या भाषेनं ही चूक फार आधी ओळखली आहे: कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र हा कावळा जरा जड असतो. फांदी आधीच वाळलेली असते हे खरं, पण त्याच्या वजनानं ती आजच तुटते.

याचं सर्वांत नेहमीचं उदाहरण म्हणजे रीस्टार्ट. विंडोज ८ पासून बहुतेक कॉम्प्युटरवर फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. संध्याकाळी आपण शट डाउन करतो तेव्हा प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, खऱ्या अर्थानं बंद होत नाही. त्याची आहे त्या स्थितीतली प्रत डिस्कवर ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. म्हणून कॉम्प्युटर लवकर सुरू होतो. पाटी कोरी करून पहिल्यापासून सुरुवात होते ती फक्त रीस्टार्टमध्ये. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या पानावर अप टाइम, म्हणजे शेवटच्या खऱ्या सुरुवातीपासून गेलेला वेळ, पाहा. रोज रात्री बंद होणाऱ्या कॉम्प्युटरवरही तिथं कित्येकदा बारा-पंधरा दिवस दिसतात. आता समजा, या पंधरा दिवसांत कुणी नवा अँटिव्हायरस टाकला, कुणी जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर, म्हणजे तो विंडोजकडून चालवून घेणारा छोटा प्रोग्राम, काढला. त्यांतले काही बदल रीस्टार्ट होईपर्यंत लागूच होत नाहीत. मग अपडेट येतो, स्वतःसाठी रीस्टार्ट मागतो आणि पंधरा दिवसांचं साचलेलं त्या एका सकाळी बाहेर पडतं. नाव अपडेटचं होतं. म्हणून अपडेटनंतर काही बिघडलं तर मी पहिलं काम करतो ते पुन्हा रीस्टार्टचं. शट डाउन नव्हे.

दुसरी वाळलेली फांदी म्हणजे थकलेली हार्ड डिस्क. रोज त्याच चार फाइली उघडणाऱ्या ऑफिसात डिस्कचा मोठा भाग महिनोन्महिने अस्पर्श राहतो. मोठा अपडेट मात्र एका बैठकीत काही जीबी लिहितो, हजारो फाइली वाचून बदलतो. खराब झालेला भाग तेव्हाच उघडा पडतो. इथं अपडेट काढायला गेलात तर मरायला टेकलेल्या डिस्कवर आणखी हजारो फाइली लिहायला लावता. अशा वेळी आधी डेटा बाहेर काढायचा, मग बाकीचं.

घरात एमसीबी सारखी पडायला लागली की चांगला इलेक्ट्रिशियन काय करतो ते आठवा. तो भिंत फोडत नाही. अर्ध्या घराचे स्विच बंद करतो. एमसीबी टिकली तर दोष बंद केलेल्या अर्ध्यात, पडली तर चालू असलेल्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं अर्धं. कॉम्प्युटरसोबत आपोआप सुरू होणारे ३२ प्रोग्राम असतील आणि त्यांतल्या एकाचं अपडेटशी पटत नसेल, तर एकेक बंद करून पाहताना ३२ वेळा रीस्टार्ट करावं लागू शकतं. अर्धे-अर्धे करत गेलात तर ५ वेळात सापडतो: १६, ८, ४, २, १. विंडोजमधल्या सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये याची सोय आहे. मूळ प्रणालीच्या सेवा लपवायच्या, उरलेल्यांतल्या अर्ध्यांची खूण काढायची. प्रोग्राम लिहिणारेही आपल्या हजारो बदलांतला चुकीचा बदल याच रीतीनं शोधतात. १,००० बदल असले तर साधारण १० चाचण्या पुरतात. अट एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मध्ये पाहायचं. घाबरलेला माणूस ड्रायव्हर काढतो, अँटिव्हायरस बंद करतो आणि केबलही बदलतो. मग चालू झालं तरी कशामुळं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

अपडेट स्वतःच सदोष निघत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. १९ जुलै २०२४ ची सकाळ अनेकांना आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं भारतीय वेळेनुसार ९ वाजून ३९ मिनिटांनी एक छोटी फाइल जगभर पाठवली. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागं घेतली. मधल्या ७८ मिनिटांत सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले, आपल्याकडच्या काही विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दोष ऐकायला क्षुल्लक आहे. नव्या फाइलीत २१ वी नोंद तपासायला सांगितली होती आणि प्रोग्रामच्या हाती नोंदी होत्या २०. तो स्मृतीत २१ व्या जागी, म्हणजे आपल्या हद्दीबाहेर, वाचायला गेला. साधा प्रोग्राम असं करतो तेव्हा तो एकटा बंद पडतो. हा मात्र कर्नलच्या आत चालत होता. तिथं चूक झाली की पुढं चुकीचं काही डिस्कवर लिहिलं जाऊ नये म्हणून विंडोज सगळंच थांबवतं. निळा पडदा म्हणजे हे थांबणं.

फाइल मागं घेतली तरी आधीच पडलेले कॉम्प्युटर उठेनात, कारण सुरू होतानाच ते कोसळत होते आणि नवी फाइल घ्यायला उसंतच मिळत नव्हती. शेवटी माणसांना एकेका कॉम्प्युटरपाशी जाऊन सेफ मोडमध्ये ती फाइल पुसावी लागली. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी गरजेपुरतेच ड्रायव्हर घेऊन उठतं. तिथं कॉम्प्युटर नीट चालला आणि एरवी नाही, तर मूळ प्रणाली बहुधा शाबूत आहे आणि दोष बाहेरून आलेल्या ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रामचा आहे. एवढं कळलं तरी अर्धं काम झालं. अपडेटसोबत आलेला ड्रायव्हर जुळत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तेवढाच मागं घेता येतो, संपूर्ण अपडेट काढावा लागत नाही.

नेरुळच्या एका काकांनी मला संध्याकाळी घाबरून बोलावलं होतं. लॅपटॉपचा फर्मवेअर, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणारा त्याच्या चिपमधला प्रोग्राम, अपडेट झाला आणि निळ्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली गेली. "हॅकरनं कुलूप घातलं, आता पैसे मागणार," असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं. प्रत्यक्षात तो लॅपटॉपच्या स्वतःच्या तिजोरीचा सवाल होता. डिस्कवरचा डेटा सांकेतिक केलेला असतो आणि त्याची किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते. कॉम्प्युटर सुरू होताना प्रत्येक टप्प्याच्या प्रोग्रामचा एक गणिती ठसा घेतला जातो. एक बिट जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. ठसे नेहमीचे असतील तरच चिप किल्ली सोडते. फर्मवेअर बदलला, ठसा बदलला, चिपला मालक ओळखू आला नाही. काकांची किल्ली त्यांच्या ऑनलाइन खात्यात जपलेली होती. मोबाइलवर खातं उघडलं, सहा-सहा अंकांचे आठ गट वाचून भरले आणि नातवंडांचे फोटो जसेच्या तसे समोर आले. कुणी आधीच फॉरमॅट मारला असता तर ते फोटो कायमचे गेले असते. माझी कळकळीची विनंती आहे, ही किल्ली आजच शोधून कागदावर लिहून ठेवा.

मग अपडेट बंदच करून टाकावेत का? उरण, न्हावाशेवा भागातल्या कुणाला हे विचारा. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या हा घातक प्रोग्राम जगभर पसरला आणि जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. त्याची सुरुवात युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती, हल्लेखोरांनी त्यातच विष घातलं होतं. पण एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जाण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक वाट मार्च महिन्यातल्या विंडोजच्या दुरुस्तीनं बुजवलेली होती. ज्यांनी तीन महिने ती दुरुस्ती घेतली नाही, त्यांच्याकडं ती वाट उघडी होती. म्हणून ऑफिसांत मी अपडेट आठवडाभर पुढं ढकलतो, आधी एकाच कॉम्प्युटरवर येऊ देतो, बॅकअप घेतो, पण बंद करत नाही. विंडोजची आवृत्तीच बदलणारा मोठा अपडेट असेल तर मागं जायला साधारणपणे १० दिवसांची मुदत असते, त्या दिवसांत डिस्क साफ करायची नाही.

नौपाड्याच्या त्या ऑफिसात स्विचबोर्डशेजारी मी दोरीला एक शंभर पानी वही बांधून दिली. तारीख आणि काय बदललं, एवढंच लिहायचं. अपडेट, नवं सॉफ्टवेअर, हलवलेलं टेबल, काहीही. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बुधवारी फोन आला, की अपडेटनंतर आतल्या खोलीतलं नेट गेलं. मी चप्पल घालत होतो तोच दुसरा फोन. रिसेप्शनवरच्या ताईंनी वही उघडून पाहिली होती. मंगळवारच्या पानावर त्यांच्याच अक्षरात होतं: एसीवाला आला, आतल्या खोलीतली निळी वायर काढून परत लावली. ती राउटरला अर्धवटच बसली होती.