साम्यतेच्या टक्क्यांमागची गोष्ट

पीएच.डी.चा प्रबंध सादर करायची वेळ जवळ आली की विभागात एकच प्रश्न ऐकू येतो : 'किती टक्के आले?' २०१८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्याविषयीचे विनियम लागू केले. त्यांनुसार १० टक्क्यांपर्यंतची साम्यता, म्हणजे आधीच्या लेखनाशी जुळणारा मजकूर, चालते आणि ६० टक्क्यांच्या पुढे गेल्यास नोंदणी रद्द होऊ शकते. हे माप उसन्या शब्दांसाठी घडवलेले होते. यंत्रच नवा मजकूर लिहून देईल, हे तेव्हा कोणी गृहीत धरले नव्हते.

वास्तविक संशोधनात कृत्रिम बुद्धिमत्ता जुनीच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६५ साली सुरू झालेला 'डेंड्रल' हा प्रकल्प वस्तुमान-वर्णपटावरून, म्हणजे रेणूच्या तुकड्यांच्या वस्तुमानांच्या नोंदीवरून, सेंद्रिय रेणूची रचना ओळखू पाहत होता. २०२० मध्ये 'अल्फाफोल्ड २' या प्रणालीने प्रथिनांच्या त्रिमितीय रचनेचे अंदाज इतके अचूक वर्तवले की ती घडवणाऱ्या डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. या दोन्ही ठिकाणी यंत्राचे उत्तर प्रयोगशाळेत ताडून पाहता येत होते, आणि माझ्या मते खरा लाभ तिथेच आहे.

गद्याला अशी कसोटी नसते. २००५ मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी अर्थहीन शोधनिबंध रचणारा 'सायजेन' हा प्रोग्राम गमतीने तयार केला. पुढे २०१४ मध्ये स्प्रिंगर आणि आयईईई या प्रकाशकांना अशा यांत्रिक निबंधांपैकी १२० हून अधिक मागे घ्यावे लागले. २०२१ मध्ये काही अभ्यासकांना छापील शोधनिबंधांत 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'ऐवजी 'काउंटरफिट कॉन्शसनेस', म्हणजे जवळजवळ 'बनावट जाणीव', असे शब्दप्रयोग सापडले. साम्यता पकडली जाऊ नये म्हणून सॉफ्टवेअरकडून वाक्ये फिरवून घेतल्याची ही खूण असावी, असा त्यांचा संशय होता.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाल्यावर वाक्ये फिरवण्याचीही गरज उरली नाही. मजकूर मुळातच नवा असल्याने टक्के कमी येतात. धोका असतो तो यंत्राने रचलेल्या संदर्भसूचीत. नियतकालिक खरे, वर्ष पटण्याजोगे, लेखकही त्याच विषयातला. पण सांगितलेला अंक काढून ते पान उघडावे, तर तिथे भलताच लेख.

मजकूर माणसाचा की यंत्राचा हे सांगणाऱ्या ओळखयंत्रांनीही हा पेच सुटलेला नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचेच ओळखयंत्र जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी असल्याचे सांगून बंद केले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी, मातृभाषा इंग्रजी नसलेल्या विद्यार्थ्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेतले ९१ निबंध अशा सात ओळखयंत्रांना दिले, तेव्हा माणसांनीच लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध सरासरीने 'यंत्राचे' ठरले. साधी, पाठ्यपुस्तकी इंग्रजी लिहिणाऱ्यावरच हा ठपका येतो, आणि आपल्याकडचे कितीतरी प्रबंध नेमक्या त्याच इंग्रजीत लिहिले जातात.