हार्तेकाम्प

नेदरलँड्समध्ये हार्लेमच्या दक्षिणेस हेमस्टेडे येथे असलेला ऐतिहासिक वाडा व उद्यान. ॲम्स्टरडॅमचे धनिक व्यापारी उन्हाळ्यात शहर सोडून किनाऱ्याजवळच्या या वालुकामय पट्ट्यात राहायला येत. १७०९ मध्ये क्लिफर्ड या पेढीवाल्या घराण्याने ही जागा विकत घेतली. तिला कीर्ती मिळाली ती जॉर्ज क्लिफर्ड (१६८५–१७६०) याच्या काळात. तो डच ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक होता, त्यामुळे दूरदेशीची रोपे व बियाणे मिळवणे त्याला सोपे होते. उष्ण प्रदेशांतील झाडांसाठी त्याने काचगृहे उभारली आणि प्राणिसंग्रहही बाळगला.

१७३५ मध्ये तरुण स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियस येथे आला. योहानेस बुर्मान या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे तो तेव्हा राहत होता. हान्स स्लोन या ब्रिटिश वैद्य व संग्राहकाच्या जमैकाविषयक ग्रंथाचा एक खंड बुर्मानला देऊन क्लिफर्डने लिनियसला आपल्याकडे आणले, असे सांगतात. पुढची सुमारे दोन वर्षे बागेची देखरेख, क्लिफर्डच्या प्रकृतीची काळजी आणि लेखन ही तिन्ही कामे त्याने केली.

येथील केळीची हकिकत मुळातून जाणण्यासारखी आहे. युरोपात केळ फुलणे तेव्हा अतिशय दुर्मीळ होते. लिनियसने तिला सकस माती दिली, काही आठवडे पाणी तोडले आणि मग पावसाळ्यासारखे भरपूर पाणी घातले. केळ फुलली, तिला फळेही आली, आणि १७३६ मध्ये त्याने या एका झाडावर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. मूळ प्रदेशातील ऋतुचक्र समजून घेऊन केलेली ही मशागत बागकामाच्या इतिहासात मोलाची ठरते.

बागेतील वनस्पतींची लिनियसने केलेली सूची, ‘होर्टुस क्लिफोर्टियानुस’, १७३८ मध्ये वाचकांच्या हाती आली. तिच्यातील अनेक चित्रे एरेट या जर्मन चित्रकाराने काढली आणि त्यांचे छपाईसाठीचे तांब्याचे पत्रे वांडेलार या डच कारागिराने कोरले. आपल्या आश्रयदात्याच्या सन्मानार्थ लिनियसने दक्षिण आफ्रिकेतील एका वनस्पती-प्रजातीला (जीनस, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला) ‘क्लिफोर्टिया’ हे नाव दिले.

बागेची त्या काळची मांडणी आज उरलेली नाही; पुढे तिला निसर्गसदृश इंग्लिश वळण देण्यात आले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून येथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींची निवासी देखभाल केली जाते. क्लिफर्डच्या वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह मात्र टिकला. छापील नक्षीदार कुंडीतून डहाळी उगवल्यासारखी वाटावी, अशा रीतीने हे नमुने कागदांवर चिकटवलेले आहेत. १७९१ मध्ये जोसेफ बँक्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने ते विकत घेतले. सध्या ते लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये असून लिनियसने दिलेली अनेक शास्त्रीय नावे नेमकी कोणत्या वनस्पतीची, हे ठरवताना अभ्यासकांना त्यांचाच आधार घ्यावा लागतो.