खवडा, खुपऱ्या आणि खडूची खूण

रशियातून अमेरिकेला निघालेल्या ज्यू मुलीवरच्या ऐतिहासिक बालकादंबऱ्यांमध्ये एक प्रसंग बरेचदा भेटतो. आरोग्य तपासणीतून घरचे सगळे पार होतात आणि पोरगी तेवढी अडकते. वाचताना वाटतं, रडवायला रचलंय. पण असं खरंच घडत असे.

१८८१ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरची हत्या झाली, खापर ज्यूंवर फुटलं आणि दंगली उसळल्या. १९०३ मध्ये रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहरात ४९ ज्यू मारले गेले. १८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून सुमारे २० लाख ज्यू अमेरिकेत पोचले, बहुतेक न्यूयॉर्कमार्गे.

१८९२ पासून त्यांची गाठ पडे एलिस बेटाशी, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्राशी. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या उतारूंची तपासणी बोटीवरच उरके; बेटावर जावं लागे ते तळातल्या स्वस्त तिकीटवाल्यांना. (पैसा असला की रोगही सभ्य होतो.) जिना चढताना कोण धापा टाकतंय, कोण लंगडतंय, हे डॉक्टर वरून पाहत. संशय आला की कोटावर खडूने अक्षर: डोळ्यांसाठी ई, हृदयासाठी एच. काही जण कोट उलटा करून घालत आणि तसेच निसटत.

सगळ्यात धास्ती डोळ्यांच्या तपासणीची. बुटाच्या गुंड्या अडकवायच्या आकड्याने पापणी उलटून खुपऱ्या (ट्रॅकोमा) आहेत का ते पाहत. मुलांच्या बाबतीत दुसरी भीती डोक्यातल्या खवड्याची. दोन्ही संसर्गजन्य, म्हणजे प्रवेश नाही. परत न्यायचा खर्च १८९१ च्या कायद्याने बोट कंपनीच्या माथी मारलेला, म्हणून कंपन्या युरोपच्या बंदरातच डोकी-डोळे तपासून घेत. त्यामुळे कादंबरीतली मुलगी कधी बेटावर अडकते, तर कधी बोटीत चढायच्या आधीच मागे राहते. प्रत्यक्षात परत पाठवलेले जेमतेम दोन टक्के. पण आपलं पोर त्यात असेल का, हे रांगेत कुणालाच ठाऊक नसे.

बेटावरच्या कारकुनाने नाव बदललं, ही मात्र निव्वळ दंतकथा. कारकून बोटीच्या यादीवरूनच नावं ताडून पाहत. नावं बहुतेकांनी पुढे आपणहून बदलली.

१९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी देशागणिक कोटा ठरवला आणि हा ओघ आटला. हिटलरच्या काळातल्या मुलांच्या गोष्टीत म्हणूनच खडू दिसत नाही. तिथे आईबाप वकिलातीच्या दाराशी, व्हिसाच्या रांगेत उभे असतात.